नातवंडं सांभाळणाऱ्या आजीसाठी मिळकतीचं काम: कोकणात सुरुवात कुठून आणि कशी करायची

हा लेख ज्या आजीसाठी आहे ती स्वतः तो वाचेल असं क्वचितच होईल. वाचणार तुम्ही: शेजारीण, अंगणवाडी सेविका, गटाची नवी सीआरपी (बचत गटांना मदत करणारी गावातली कार्यकर्ती), नाहीतर मुंबईहून फोन करून "काकी, काय पाठवू?" असं विचारणारा पुतण्या. मुलगा-सून गेले किंवा मुलगी-जावई गेले, आणि साठी ओलांडलेल्या बाईच्या पदरात पुन्हा एकदा शाळेत जाणारी पोरं आली. अशा घरात महिन्याला दोन-तीन हजार जास्त आले तरी दुकानातली उधारी वाढायची थांबते. तेवढं कसं उभं करायचं, हे सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या बचत गटांमध्ये वावरताना जसं दिसलं तसं लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. मदतीला येणारी माणसं बहुतेक वेळा शिलाई मशीन घेऊन येतात, नाहीतर मशरूमचं प्रशिक्षण सुचवतात. जिला सुईत दोरा ओवायला नातीला हाक मारावी लागते तिला मशीन देऊन काय होणार? जी कामं टिकली ती सगळी आजी आधीपासून करतच होती. फक्त त्याचे पैसे तिने कधी घेतले नव्हते. म्हणून नवीन काय शिकवायचं हे शोधू नका. तिच्या हातात काय आहे ते बघा.

आधी कागद

धंद्याच्या लेखात कागदपत्रं पहिली का? कारण कोणत्याही छोट्या धंद्याचं पहिल्या वर्षाचं उत्पन्न बेभरवशाचं असतं, आणि हक्काचे पैसे दर महिन्याचा पाया धरतात. तो पाया असला की आजी घाईने कर्ज काढत नाही आणि माल पडेल भावाने विकत नाही.

मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. आई-वडील नसलेल्या, नातेवाइकांकडे वाढणाऱ्या 18 वर्षांखालच्या मुलाला या योजनेत 2023 पासून महिन्याला 2,250 रुपये मंजूर होतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जातो, घरी गृहचौकशी होते आणि बाल कल्याण समिती आदेश काढते. आई-वडिलांचे मृत्यू दाखले, मुलाचा जन्मदाखला, दोघांची आधार कार्डं, शाळेचं बोनाफाईड, उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला, पासबुक, आणि घरासमोर मुलासोबत काढलेला आजीचा फोटो एका पिशवीत जमवा. सगळ्यात जास्त अडतं ते मृत्यू दाखल्यावर. मृत्यू मुंबईत झाला असेल तर दाखला तिथून आणावा लागतो. हे काम पुतण्याला द्या. तो तिथेच आहे.

आजीसाठी तहसील कार्यालयात वेगळा अर्ज करा. वय 65 च्या आत आणि निराधार असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजना, 65 च्या पुढे असेल तर श्रावणबाळ. दोन्हींची रक्कम 2023 मध्ये महिन्याला 1,500 रुपये झाली. आजीचं अनुदान आजीचं आणि मुलाचं बालसंगोपन मुलाचं, दोन्हीची गल्लत करू नका.

आणि सातबारा. कोकणात जमीन सामायिक असते, हिस्सेदार मुंबईत असतात, आणि मेलेल्या बापाची वारस नोंद वर्षानुवर्षं राहून जाते. तलाठ्याकडे अर्ज करून मुलांची नावं लावून घ्या. मूल अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालचं, असल्याने आजीचं नाव अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून लागतं. अज्ञान मुलाचा हिस्सा कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. कुणी सहीसाठी कागद पुढे केला तर आजीला हे ठाऊक असायला हवं. शिवाय त्या चार गुंठ्यांतल्या माडा-रातांब्यांवरच (नारळ-कोकमाच्या झाडांवरच) पुढचं काम उभं राहणार आहे.

मग तिचा दिवस

एक दिवस तिच्या पडवीत बसा आणि सकाळपासून रात्रीपर्यंतचा वेळ कागदावर मांडा. पाणी कधी येतं, पोरांची एसटी किती वाजता, डबा कधी, औषधं कधी, गुडघे केव्हा जास्त दुखतात. बहुतेक आजींना दोन मोकळे तुकडे मिळतात: पोरं शाळेत गेल्यावर साधारण दहा ते एक, आणि दुपारची झोप झाल्यावर तासभर. काम या दोन तुकड्यांत बसलं पाहिजे. पहाटे चारला उठून घावण्यांचं पीठ वाटायचं आणि स्टँडवर नाश्ता विकायचा, हा बेत कागदावर छान दिसतो, पण पोरांना शाळेसाठी उठवायलाच मग कुणी नसतं.

तिला सरळ विचारा, बसून काय जमेल, उभ्याने काय जमेल, उचलायचं किती. "माका झेपात तेवढाच करतलंय" असं ती म्हणाली तर त्या "तेवढ्या"चाच आकडा धरा आणि तो वाढवायचा मोह टाळा.

काम निवडताना

दोन कामं निवडा: एक रोज-आठवड्याला थोडे पैसे देणारं, दुसरं हंगामात एकदम रक्कम देणारं. एकाच हंगामी कामावर राहिलं तर पावसाळ्यात घर रिकामं होतं.

रोजच्यासाठी माझी पहिली पसंती गावठी कोंबड्यांना. पाच-सहा माद्या आणि एक कोंबडा एवढ्यावर सुरू करा. परसात चरतात, उरलेला भात-कोंडा खातात, आणि गावठी अंड्याला कोकणात गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. गावठी कोंबडी एका खेपेला दहा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक बसते (अंडी द्यायची थांबून उबवायला बसते), म्हणून सगळ्या एकदम बसू देऊ नका. एक उबवणीवर असेल तेव्हा बाकीच्यांनी अंडी द्यायला हवीत. उबवायला दहा-बारा अंडी पुरतात, 21 दिवसांनी पिल्लं निघतात. जास्त अंडी हवी असतील तर गिरिराज, वनराज, कावेरी या सुधारित जाती आहेत. त्यांना खाद्य जास्त लागतं आणि त्या स्वतःची अंडी नीट उबवत नाहीत, त्यामुळे पिल्लं दर वेळी विकत आणावी लागतात. आजीसाठी मी गावठीच सांगेन.

कोंबड्या बुडतात त्या दोन कारणांनी. एक मानमोडी, म्हणजे राणीखेत. ती आली की दोन दिवसांत खुराडं मोकळं होतं. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा आणि सहा-आठ आठवड्यांनी पुढची राणीखेतची लस पशुवैद्यकीय दवाखान्यातून करून घ्या. लसीची एक कुपी पुष्कळ पक्ष्यांना पुरते आणि उघडली की थोड्याच वेळात संपवावी लागते, म्हणून वाडीतल्या सगळ्यांनी एकाच संध्याकाळी लस करायची. दुसरं कारण मुंगूस. खुराडं जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच, खाली फळी, बाजूला बारीक जाळी आणि आत कोरडं हवं. आपल्याकडच्या पावसात ओलं खुराडं पिल्लांना मुंगसाइतकंच मारतं.

बसून करायच्या कामांत वाती वळणं आणि हिरांचे (माडाच्या पानांच्या मधल्या काड्यांचे) खराटे ही दोन चांगली. कापसाच्या समईवाती, फुलवाती श्रावण ते दिवाळी भरपूर खपतात. पोरं अभ्यासाला बसली की आजी शेजारी बसून वळू शकते. खराट्याला भांडवलच नाही, झावळ्या पडतातच. हीर सोलून, सारख्या लांबीचे कापून, वाळवून, घट्ट बांधायचे. दोन्हींत पैसा थोडा आहे, पण तोटाही नाही, आणि आजारपणात काम चार दिवस बाजूला ठेवलं तरी काही सडत नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे.

वेंगुर्ल्याकडे दारात सुरंगी असेल तर फेब्रुवारीपासून तिचे गजरे आणि वाळवलेल्या कळ्या विकल्या जातात. पण झाडावर चढून कळ्या काढायला माणूस लागतो, त्याची मजुरी धरून मगच हिशोब करा. अबोली आजीला जास्त सोपी. कुंपणालगत लावायची, सकाळी खुडायची, दुपारी वळेसर (गजरे) करायचे.

हंगामी कामांत रातांब्याला तोड नाही. एप्रिल-मे महिन्यांत फळ पिकतं. पिकलेली लाल फळं धुवून, पुसून, विळीवर दोन भाग करायचे. साल वेगळी, गर-बिया वेगळ्या. गराला मीठ लावून रस सुटू द्यायचा, त्या रसात साली बुडवायच्या आणि उन्हात घालायच्या. संध्याकाळी परत रसात, सकाळी परत उन्हात. अशी तीन-चार पुटं बसली की आमसूल काळसर, मऊ आणि जड होतं. घाईने एकच पूट देऊन वाळवलेलं आमसूल कडक, फिकट राहतं आणि गिऱ्हाईक ते हाताने चाचपूनच ओळखतं. मिठाचा रस गाळून ठेवला की आगळ, अर्ध्या सालींत साखर भरून बरणी आठवडाभर उन्हात ठेवली की सरबताचा पाक. बिया फेकू नका, वाळवून ठेवा. त्यांचं तेल निघतं आणि बियांना गिऱ्हाईक असतं. अ‍ॅल्युमिनियम किंवा पितळेच्या भांड्यात यातलं काहीच करायचं नाही, आंबटाने भांडं खातं आणि माल नासतो. काच, चिनी माती, खाण्याचं प्लास्टिक चालतं. रंग कधीही घालायचा नाही. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे. रंग घातलेला माल त्या नावाखाली विकणं ही शेजारच्या सगळ्या बायकांची फसवणूक ठरते.

रातांबे वेचायचे दिवस आणि वळवाचा पाऊस एकमेकांच्या पाठोपाठ येतात. मेच्या तिसऱ्या आठवड्यानंतर नवा घाणा, म्हणजे एका वेळी करायचा माल, घालू नका. आंबापोळी, फणसपोळीचंही तेच.

कुळथाची पिठी, तांदळाच्या आंबोळीचं पीठ, मालवणी मसाला ही वर्षभराची कामं. मसाल्यात मिरची भाजायचा ठसका आहे. दमा असलेल्या आजीने तो करू नये. पिठी सगळ्यात सोपी.

सुक्या मासळीबद्दल सावधपणे सांगते. जून-जुलैत मासेमारी बंद असते, घरोघर आगोटीची (पावसाळ्याची) बेगमी लागते, तेव्हा सुकट-सोड्यांना (सुकवलेला जवळा आणि कोळंबी) भाव चढतो हे खरं. मार्च-एप्रिलमध्ये जवळा घेऊन, निवडून, पुन्हा कडकडीत ऊन देऊन, हवाबंद डब्यात ठेवून पावसात पाव-पाव किलोने विकता येतो. पण तीन महिने पैसे अडकतात, आणि एक डबा ओलावला तर अळी पडते. ज्या आजीने आयुष्यभर मासळी हाताळली आहे तिनेच हे करावं. आणि पिठाचा माल त्याच खोलीत ठेवू नये.

पहिला घाणा लहान, आणि किंमत लिहून

पहिल्या वेळी पाच किलोच्या पुढे जाऊ नका. मुद्दा विक्री शिकण्याचा आहे. किंमत ठरवताना आजी नेहमी स्वतःला वगळते, म्हणून हा हिशोब तुम्ही तिच्यासमोर मोठ्याने करा. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या बाजाराचे घाला.

कुळीथ 5 किलो, 100 रुपयांनी: 500. दळणावळ 50, सरपण-गॅस 40, पिशव्या आणि लेबल 60, जाण्यायेण्याचं भाडं 50. झाले 700. भाजून, भरडून, साल पाखडून, दळून साधारण 4 किलो पिठी हाती आली असं धरा, म्हणजे पाव किलोची 16 पाकिटं. एका पाकिटाला खर्च 44 रुपये. आजी म्हणेल, पन्नासला देऊया. म्हणजे 16 पाकिटांमागे जेमतेम 100 रुपये, आणि त्यासाठी सहा तास गेले. तासाला पन्नास धरून तिचे 300 रुपये त्यात घाला. पाकिटाला आणखी 19. 63 झाले. एखादं पाकीट फुटतं, एखादं पाहुण्याला दिलं जातं, म्हणून 70. सोळा पाकिटं विकून 1,120 आले, खर्च जाऊन 420 हातात. तिची मजुरी निघून वर थोडं राहिलं.

"सत्तरला कोण घेणार?" हा प्रश्न येतोच. गावातलं कोणी कदाचित घेणार नाही, गावात प्रत्येकीकडे पिठी आहे. म्हणून गिऱ्हाईक कुठे आहे हे पुढे बघू. पण किंमत पाडून गावातच विकत बसणं हा मार्ग मला मान्य नाही. त्यात आजीची पाठ मोडते आणि शेजारणीचाही भाव पडतो.

शंभर पानी वही करा. डाव्या पानावर गेलेले पैसे, उजव्या पानावर आलेले. लिहायचं काम नातवाला द्यायला हरकत नाही, त्याला गणितही येतं. घरातून काढून दिलेला माल, उधार, पडून राहिलेला माल, सगळं लिहा.

नोंदणी आणि लेबल

खाण्याचा पदार्थ बाहेर विकायचा तर एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते. छोट्या घरगुती उत्पादनाला साधी नोंदणी पुरते, मोठा परवाना नको. आधार, फोटो आणि पत्त्याच्या पुराव्यावर सेतू केंद्रातून अर्ज करता येतो. लेबलवर पदार्थाचं नाव, त्यात काय आहे, निव्वळ वजन, केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावा, किंमत, आजीचं नाव-पत्ता, नोंदणी क्रमांक आणि शाकाहाराची हिरवी खूण. वजनकाट्यावर वैधमापनचा (वजनमापं तपासणाऱ्या खात्याचा) शिक्का बघून घ्या.

गिऱ्हाईक

कोकणातल्या विक्रीचे तीन मोठे दिवस: शिमगा, मे महिना, गणपती. चाकरमानी येतो तेव्हा हात सैल असतो, आणि परत जाताना त्याला गावची चव बांधून न्यायची असते. म्हणून माल तो येण्याआधी तयार हवा आणि जायच्या दोन दिवस आधी त्याच्या ओट्यावर पोचायला हवा. गणपतीत एक पिशवी करा: आमसुलं, पिठी, मसाला, फुलवाती. वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन आठवडे आधी फोटो आणि किंमत टाका, मागणी घ्या, शक्य तर आगाऊ अर्धे पैसे घ्या. मागणी आल्यावर घाणा घातला की माल पडून राहत नाही.

मधल्या दिवसांत मालवण, तारकर्ली, गुहागर, दापोलीकडच्या घरगुती निवास-न्याहारीच्या जागा आणि खानावळी धरा. त्यांना आगळ, आमसुलं, अंडी सतत लागतात. दर थोडा कमी मिळेल, पण आठवड्याला ठरलेला माल जातो. आठवडी बाजारात बसायचं असेल तर तो दिवस पोरांच्या शाळेचा असेल असा निवडा. एसटीत महिलांना तिकीट अर्धं आहे आणि 75 वर्षांच्या पुढे प्रवास मोफत आहे, त्यामुळे भाड्याचा बोजा फारसा नाही. ओझ्याचा आहे. पाच किलोपेक्षा जास्त पिशवी तिला उचलू देऊ नका.

पैसे आजीच्याच खात्यात आले पाहिजेत. क्यूआर कोड पुतण्याच्या खात्याचा लावला की "नंतर देतो" सुरू होतं. हेतू चांगला असला तरी तसं करू नका.

गट, आणि कर्ज

एकटी आजी फार काळ टिकत नाही. उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) गटात साधारण दहा-बारा जणी लागतात, पण वृद्धांच्या किंवा दिव्यांगांच्या विशेष गटाला पाच सदस्यही चालतात. हे बऱ्याच ठिकाणी सांगितलं जात नाही, म्हणून तुम्ही विचारा. नियमित बैठक, बचत आणि वही चालू असलेल्या गटाला फिरता निधी (सदस्यांना आपसात कर्ज द्यायला) मिळतो, 2023 नंतर तो 30,000 रुपयांपर्यंत आहे. चार आज्यांनी मिळून एक काटा, एक सीलिंग मशीन आणि एक वाळवणीचं जाळीचं कपाट घेतलं तर प्रत्येकीला ते विकत घ्यावं लागत नाही.

पहिलं वर्ष बाहेरचं कर्ज नको. मायक्रोफायनान्सचा हप्ता आठवड्याला येतो, रातांबा वर्षातून एकदा येतो. त्या दोघांचा मेळ बसत नाही आणि हप्ता मग मुलांच्या अनुदानातून जातो. गरज लागलीच तर गटातून, दोन-तीन हजारांच्या आत, हंगामानंतर फेडायच्या बोलीवर.

आलेल्या पैशाचे तीन भाग पहिल्या विक्रीपासून करा: पुढच्या घाण्याचा कच्चा माल, घरखर्च, आणि मुलाचं खातं. दहा वर्षांवरच्या मुलाचं पोस्टात स्वतःच्या नावाने बचत खातं उघडता येतं. सुकन्या समृद्धीत मात्र खातं नैसर्गिक किंवा कायदेशीर पालकालाच उघडता येतं. आजीकडे पालकत्वाचा आदेश नसेल तर एजंटाच्या सांगण्यावरून पैसे भरू नका.

पोरांनी किती हात लावायचा

लेबल चिकटवणं, वहीत लिहिणं, कोंबड्यांना पाणी घालणं, हे चालेल. विळी, उकळता पाक, मिरची भाजणं आणि बाजारात बसणं नाही. शाळा बुडवून तर काहीच नाही. मुलगी असेल तर जास्त लक्ष ठेवा, कारण "आजीला मदत" म्हणून तिचाच अभ्यास पहिल्यांदा मागे पडतो. शाळेतल्या बाईंना विचारत राहा.

आजी आजारी पडली तर

हे तिच्याशी बोलायला जड जातं, तरी पहिल्या महिन्यातच बोला. कोंबड्यांना कोण बघेल, मागणी घेतलेल्या मालाचं काय, पोरं रात्री कुठे झोपतील. एका जवळच्या बाईला कामाची सगळी रीत आणि वही माहीत असू द्या. आजी सत्तरीच्या आत असेल तर बँकेत पंतप्रधान सुरक्षा विमा भरा. वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाख, नामांकनात नातवाचं नाव आणि तो अज्ञान असल्याने त्याच्यासाठी एक नियुक्त व्यक्ती. मुलांसाठी 1098 आणि ज्येष्ठांसाठी 14567 हे दोन्ही नंबर मोठ्या आकड्यांत लिहून फोनच्या वर भिंतीला चिकटवा. आणि आजीनंतर मुलांना कोण सांभाळेल याबद्दल तिची इच्छा बाल कल्याण समितीच्या पुढच्या भेटीत लेखी नोंदवून घ्या. मामा की काका हा वाद नंतर पोरांच्या देखत होण्यापेक्षा आत्ता, ती बोलू शकते तोवर मिटवलेला बरा.